लातुरातल्या समुद्राची तपासणी

समुद्र बघायला लातूरला गेलेली मी बहुधा पहिलीच बाई असेन. लोक उलट्या दिशेने येतात. मे महिन्यात आमच्या किनाऱ्यावर मराठवाड्याच्या गाड्या उभ्या राहतात, माणसं पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरतात, भेळ खातात आणि इथे उकाडा फार आहे असं म्हणत परत जातात. मी मात्र मार्चच्या सुरुवातीला समुद्राकाठचं घर सोडून लातूरला निघाले. तिथल्या एका कॉलेजच्या पहिल्या मजल्यावर, प्राणिशास्त्राच्या जुन्या खोलीत, काचेच्या दोन टाक्यांत समुद्र भरून ठेवलेला होता आणि त्यात काहीतरी काळंबेरं आहे असा मला संशय होता.

मी आमच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या संशोधन केंद्रात काम करते. तीस वर्षं एकाच प्राण्यामागे घालवली, तो म्हणजे सी-अर्चिन. खडकाच्या भेगेत बसलेला काळ्या काट्यांचा गोळा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी धोतऱ्याचं बोंड आठवावं आणि ते मनातल्या मनात काळं करावं. त्याला मेंदू नाही, डोळे नाहीत, पण तोंड उत्तम आहे. कित्येक समित्यांवर मी याहून कमी अवयवांनिशी काम करणारे सदस्य पाहिले आहेत.

या प्राण्याला एक रोग होतो. काटे झडतात, अंगावर बोडके चट्टे पडतात आणि हळूहळू खेळ आटोपतो. आता त्याच्या अंगावर, काट्यांच्या बुडाशी, आतड्यात जंतूंची मोठी वस्ती असते. आमच्या धंद्यात तिला मायक्रोबायोम म्हणतात. धडधाकट प्राण्यात ही वस्ती आठवडी बाजारासारखी असते. नाना तऱ्हेचे लोक, कोणाचंच एकट्याचं राज्य नाही. प्राणी आजारी पडला की बाजार उठतो आणि दोन-तीन दांडगे तेवढे मैदानात उरतात. प्रश्न असा, की आधी बाजार उठतो आणि मग आजार येतो, की आधी आजार येतो? जगाचं यावाचून काही अडलेलं नाही. माझं अडलेलं आहे, आणि मनीषाचं.

मनीषा ही मुखेडजवळच्या गावची मुलगी, वडील पोस्टमन. याच प्रश्नावर ती पीएचडी करते. तिचे मार्गदर्शक नांदेडचे एक सर, आणि सहमार्गदर्शक म्हणून मी. समुद्रापासून इतक्या लांब हा उद्योग का, असं विचाराल तर त्याचं कारण सरांनी निधीसाठी केलेला अर्ज. त्यात त्यांनी 'कोरडवाहू भागात सागरी जीवशास्त्र' असं काहीतरी लिहिलं होतं आणि तो मंजूर झाला, टाक्यांना जागा मात्र लातूरच्या कॉलेजात मिळाली. मंजूर करणाऱ्यांनी तो वाचला असेल असं मला वाटत नाही. पाच महिन्यांपूर्वी मी दोन कॅन भरून प्राणी पाठवले. एका खाडीतले आजारी, आणि तिथून दूरच्या खडकांवरचे ठणठणीत. टाक्यांत घालायला समुद्राचं पाणीही दर महिन्याला पाठवत राहिले. पहिल्या महिन्याच्या तपासणीत दोघांच्या जंतूंत जमीन-अस्मानाचा फरक होता. पाचव्या महिन्याचे निकाल आले तेव्हा दोन्ही अगदी जुळ्या भावांसारखे. आजारी आणि निरोगी, एकच वस्ती.

सरांचा निरोप आला, "मुलीने कंटाळा करून नमुन्यांच्या सगळ्या नळ्या एकाच टाकीतून भरलेल्या दिसतात. आपण प्रत्यक्ष पाहून लेखी कळवावं." मेमध्ये तिचा प्रबंध द्यायचा होता. जूनमध्ये एका कॉलेजात कायम नोकरीची मुलाखत होती आणि तिला प्रबंध दिल्याचा दाखला हातात असायला हवा होता. हिचं काम विश्वासार्ह नाही, असं मी लिहिलं की दोन्ही गेलं. खरं सांगायचं तर ते पत्र मी घरीच लिहून पर्समध्ये टाकलं होतं. तारीख तेवढी घालायची होती.

लातूर, पहिला दिवस

स्टेशनवर घ्यायला कॉलेजचे ज्ञानोबामामा आले होते. इकडे कॉलेजातला प्रत्येक शिपाई हा सगळ्यांचा मामा असतो. प्राचार्यसुद्धा त्याला मामाच म्हणतात आणि मामासुद्धा मामाच्या अधिकाराने बोलतो. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, साठीला टेकलेलं वय. माझी बॅग त्यांनी हातातून काढून घेतली.

"तुमीच का समुद्राच्या मॅडम?"

मी हो म्हटलं. त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि ते थोडे निराश झाले असावेत.

"तुमची जनावरं ब्येस हायेत बगा," ते म्हणाले. "डावीकडची जरा नरम हायेत. पन खाऊन राहिलीत."

आमच्या केंद्रात त्यांना 'नमुने' म्हणतात. तीस वर्षांत त्यांना जनावरं म्हणणारा, आणि त्यांच्या खाण्यापिण्याची खबर स्टेशनवरच देणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता.

न्याहारीला सुशीला होती. चुरमुरे भिजवून केलेला हा पदार्थ आहे, वर भरपूर दाण्याचा कूट. आमच्याकडे पोहे ज्या थाटात येतात त्याच थाटात ती आली. मी दोनदा घेतली. मग मामांनी पाण्याचा तांब्या आणला आणि विचारलं, "अर्धा का पुरा?"

हा प्रश्न मला कळलाच नाही. पाण्याचा पेला भरून देतात, त्यात विचारायचं काय? मी "पुरा" म्हटलं, दोन घोट घेतले आणि उठताना उरलेलं पाणी सवयीने बेसिनमध्ये ओतून दिलं.

स्टाफरूममधली सगळी माणसं बोलायची थांबली. पाहुण्याला कोण काय म्हणणार! पण एका बाईंनी नजर खिडकीकडे वळवली आणि मामांनी बेसिनखालची बादली पुढे ओढून पाहिली, की निदान त्यात तरी पडलं का. पडलं होतं. त्यांचा जीव भांड्यात पडला. आमच्या अंगणात विहीर आहे आणि पावसाळ्यात ती काठोकाठ भरते. मला फार ओशाळल्यासारखं झालं, आणि ओशाळले की मी लोकांवर चिडते. म्हणून मी लगेच समुद्र दाखवा म्हटलं.

समुद्र स्वच्छ होता. डाव्या टाकीत आजारी, उजव्या टाकीत निरोगी, मध्ये दोन हात जागा. एसीच्या नळीखाली बादली, त्या बादलीतलं पाणी व्हरांड्यातल्या कुंड्यांना. मनीषा टाक्यांजवळ उभी होती. बारीक, उंच, केस घट्ट बांधलेले. तिने नमस्कार केला आणि ती बाजूला झाली. ज्याच्या घरी झडती येते तो माणूस असाच बाजूला होतो.

उजवीकडच्या प्राण्यांवर माझी नजर बराच वेळ होती. काटे टवटवीत, चाल उत्तम, काचेवरचं शेवाळ खाऊन चकाचक केलेलं. यांच्या अंगावर आजाऱ्यांची वस्ती असणं मला पटेना. माझा संशय त्या क्षणी वाढला, हे मी कबूल करते. म्हणजे नळ्या नक्कीच डावीकडून भरलेल्या होत्या.

पाण्याचा खारटपणा मोजायचं यंत्र दोन महिन्यांपासून बंद होतं. मी माझं लावलं. खारटपणा अगदी जसा हवा तसा.

"यंत्राशिवाय हे कसं जमवलंस?" मी विचारलं.

"मामा बघतात," मनीषा म्हणाली.

मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

लातूर, दुसरा दिवस

दिवसभर मी पोलिसी काम केलं. नोंदवही पाहिली. दर सोमवारी, प्रत्येक टाकीतून दहा लिटर पाणी काढले, दहा लिटर घातले, खाली सही. एकही सोमवार चुकलेला नाही. नळ्यांवरच्या चिठ्ठ्या पाहिल्या. माझ्यासमोर नमुने घ्यायला लावले. तिने प्रत्येक प्राण्याला नवे हातमोजे, नवी सुई वापरली आणि दोन टाक्यांच्या मध्ये हात धुतले तेही वाटीभर पाण्यात. माझ्या स्वतःच्या केंद्रात इतकं नीट काम होत नाही. याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. चोर इतका व्यवस्थित असला की तपासणाऱ्याची पंचाईत होते.

दुपारी तिने डबा उघडला. आईने दिलेले धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. आमच्याकडे जेवणात मासा नसला की माणसं आजारी कोण आहे असं विचारतात, पण त्या धपाट्यांपुढे मला मासा आठवला नाही. तिने निम्मे माझ्या ताटलीत वाढले आणि मग स्वतःचा घास हातातच ठेवून म्हणाली, "मॅडम, कालपासून तुम्ही माझी झडती घेऊन राहिल्यात. सरळ विचारा की."

मग मी सरळ विचारलं. "नळ्या एकाच टाकीतून भरल्यास का?"

"न्हाई."

"मग निकाल असे का?"

"ते मला कळलं असतं तर मी तुम्हाला फोन केला असता. तुम्ही यायच्या आधी." तिने घास डब्यात परत ठेवला. "तीन वर्षं झाली, मॅडम. माझ्या घरात कुणाला सांगितलं तर हसतेत, की मुखेडची पोरगी समुद्रातल्या किड्यांच्या अंगावरचे किडे मोजून राहिली. मी खोटं करायचं असतं तर याच्याहून सोपं काहीतरी केलं नसतं का?"

यावर तुझ्यावर माझा विश्वास आहे, असं म्हणायची वेळ होती. मी म्हणाले, "चटणी छान झाली आहे." पर्समधलं पत्र मला खुर्चीवरूनही दिसत होतं.

लोहामार्गे नांदेड

तिसऱ्या दिवशी एसटीने नांदेडला गेले, सरांना भेटायला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर काढून झालेली, तुराट्यांच्या गंजी, हरभरा पिवळा पडायला लागलेला. माझ्या शेजारी लोह्याला उतरणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत कोंबडी, कोंबडीचा चेहरा माझ्याकडे. बाईंनी माझं गाव, घर, मुलंबाळं एवढं पाच मिनिटांत विचारून घेतलं आणि मग समुद्रातल्या त्या काटेरी प्राण्यांच्या माझ्या कामावर आल्या.

"आन् ती रोगट झाली म्हंजी काय करता?"

"काटे झडतात ते मोजतो. अंगावरचे जंतू मोजतो."

"दवा?"

"दवा नाही अजून."

"मंग मोजून काय करता?"

तीस वर्षांत इतका नेमका प्रश्न मला कोणत्याही परिषदेत कोणी विचारलेला नाही. मी म्हणाले, की आधी काय होतं ते कळलं तर पुढचं कळेल. बाईंनी मान डोलावली. "हाव. कोंबड्याचं बी तसंच हाय. मान टाकली मंग कळतंय. पन ते आधीच लागलेलं ऱ्हातंय." एवढं बोलून त्या कोंबडीसह लोह्याला उतरल्या. मी स्टँडवरचा गोड चहा प्याले आणि त्यांचं बोलणं विसरून गेले.

सरांचं टेबल रिकामं आणि लखलखीत होतं. त्यांनी मला बसवलं, चहा सांगितला आणि म्हणाले, "मॅडम, आपण भावनेत जाऊ नये. सोमवारपर्यंत पत्र द्या. विद्यार्थिनीची चूक, असं लिहू. म्हणजे आपल्या दोघांवर काही येत नाही."

मी म्हटलं, की मला चूक सापडलेली नाही.

"सापडली नाही म्हणजेच ती लपवलेली आहे," सर म्हणाले. या तर्काला उत्तर नाही, कारण तो तर्क नाही.

जेवायला गोदावरीकाठच्या एका खाणावळीत गेले. नदी रुंद, पाणी भरपूर. शेजारच्या टेबलावरची माणसं उठली आणि वाढप्याने त्यांचे अर्धे राहिलेले पेले एकापाठोपाठ एक मोरीत पालथे केले. चार पेले, भसाभस. मी घास थांबवला. कोणी वळून पाहिलं नाही, कोणी बादली सरकवली नाही. आणि माझ्या लक्षात आलं, की लातुरात मी दोन दिवसांत एकाही माणसाला पाणी फेकताना पाहिलेलं नाही.

मग दर सोमवारी आजारी टाकीतून काढलेलं दहा लिटर पाणी जात कुठे होतं?

हात न धुताच मी मनीषाला फोन लावला. "मला वाटलं, मोरीत," ती म्हणाली. "मी कधी बघितलं न्हाई, मॅडम. मामा काढतात, मामाच घालतात."

मामा रजेवर होते, मुरुडला, स्वतःच्या घरी.

मुरुड

आमच्याकडे मुरुड म्हटलं की माड, वाळू आणि होड्या. हे मुरुड लातूरच्या पश्चिमेला आहे आणि इथे वाळू फक्त बांधकामावर दिसते. बाजार मात्र मोठा, आसपासच्या गावांची सगळी देवघेव इथेच. दुसऱ्या दिवशी पहाटे मी नांदेडहून निघाले, मनीषा लातुरात गाडीत चढली.

मामांना आम्हाला पाहून इतका आनंद झाला की मला विचारायचं जिवावर आलं. मामींनी पाटावर बसवलं. पाण्याचा पेला आला, मी आपणहून "अर्धा" म्हटलं आणि तो शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. मामांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी पहिल्यांदाच आदर दिसला.

"मामा, आजारी टाकीतून काढलेलं पाणी कुठे जातं?" मी विचारलं.

"कुठं जातंय? कुठंच न्हाई."

"म्हणजे?"

"फेकायचं व्हय, मॅडम? समुद्राचं पानी हाय ते!" आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, न लपवता, कौतुकाची वाट पाहत. "आधी धोतराच्या चार पदरांतनं गाळून घेतो. मंग कॉलेजाच्या गच्चीवर निळ्या ड्रममधी दोन दिस कडक ऊन दावतो. आटून लई खारट झालं की साधं पानी घालून जिभेवर बगतो. बरुबर लागलं की उजव्या टाकीत."

हा माणूस पाच महिने आजारी अर्चिनांचं पाणी चाखत होता आणि माझ्यापेक्षा ठणठणीत होता.

"उजव्याच टाकीत का, मामा?" मनीषाने विचारलं.

"आता बग. आजाऱ्याला ताजं पानी द्यावं. चांगल्याला जुनं चालतंय. घरात बी आपन तसंच करतो का न्हाई? आन् उजवीकडचं काढलेलं कॉलेजाच्या संडासाला."

मामी चुलीपाशी हसल्या. "ह्यो मानूस तुळशीला घातलेलं पानी बी कुंडीखालनं माघारी घेतोय."

सगळं इतकं माणुसकीचं होतं की त्यात चूक कुठे आहे हे शोधावं लागलं. धोतराच्या चार पदरांत कचरा अडकतो, जंतू अडकत नाहीत. निळ्या ड्रममध्ये ऊन जात नाही, फक्त ऊब जाते, आणि उबेत जंतूंचं छान चालतं. पाच महिने दर आठवड्याला आजाऱ्यांची अख्खी वस्ती मामांनी गाळून, शेकवून, चव घेऊन निरोग्यांच्या घरी पोचती केली होती. नोंदवहीतलं एक अक्षर खोटं नव्हतं. दहा लिटर काढले, दहा लिटर घातले.

मनीषाने मामांना समजावून सांगितलं. तिने फार हळू सांगितलं, पण मामा काही वेडे नव्हते. त्यांची टोपी हातात आली.

"म्हंजी म्या तुझं वाटोळं केलं व्हय, पोरी?"

"न्हाई मामा."

"मंग काय केलं?"

मामींनी भाकरी तव्यावर तशीच ठेवली आणि ती करपायला लागली.

मी अंगणातून सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे सरांचा उत्साह सगळ्यांनी ऐकला. "उत्तम! अहो, हा तर उत्कृष्ट प्रयोग झाला! ठरवूनच केला असं लिहायचं. 'आजारी प्राण्यांच्या पाण्याचा निरोगी प्राण्यांवरील परिणाम'. शीर्षक बदलू, मेमध्ये देऊन टाकू. ते धोतर वगैरे लिहू नका. 'सुती गाळणी' लिहा."

मी मनीषाकडे पाहिलं. पदवी, मुलाखत, नोकरी, सगळं त्या फोनमध्ये होतं. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं हे मला माहीत आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

तिने फोन हातात घेतला. "सर, ठरवून केलं असतं तर मी पहिल्या दिवसापासून ड्रमच्या पाण्याचे नमुने घेतले असते. घेतलेले न्हाईत."

"कोण वाचतंय एवढं, मनीषा?"

"मी वाचते, सर."

मग सर म्हणाले, की तसं असेल तर निरोगी प्राण्यांचा सगळा भाग रद्द होईल, नवे प्राणी आणून पुन्हा पाच महिने, म्हणजे मेमध्ये काही होत नाही, आणि जूनच्या मुलाखतीचं तिचं तिने पाहावं. ती "हो सर" म्हणाली. तीनदा म्हणाली.

"माझं नाव घालून लिही," मामा म्हणाले. "कामावरनं काढलं तर काढलं. वरीस राहिलंय एक."

"नावाची गरज न्हाई, मामा. काय झालं तेवढं लिहिते. धोतर पण लिहिते."

तेव्हा मी पर्स उघडली, ते पत्र काढलं आणि तिच्या हातात दिलं. तिने ते उभ्यानेच वाचलं. मला लाज वाटली, साधी, शाळकरी लाज, कान गरम होतात तशी. तिने कागद घडी घालून परत दिला आणि म्हणाली, "घरनंच लिहून आणलं होतं, मॅडम?"

मी हो म्हणाले. मामींनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. करपलेली भाकरी मामींनी स्वतःच्या ताटात घेतली.

पुन्हा लातूर

संध्याकाळी टाक्यांपाशी गेलो तर उजवीकडच्या एका निरोगी प्राण्याच्या पायाशी चार काटे पडलेले होते. पाठीवर नखाएवढा बोडका चट्टा. मनीषा खाली बसली आणि काचेला नाक लावून पाहत राहिली. त्याच्या अंगावरची वस्ती महिनाभरापूर्वीच बदललेली होती हे तिच्याच निकालात लिहिलेलं होतं. काटे मात्र आज पडले.

"मॅडम, म्हणजे बाजार आधी उठतो," ती म्हणाली.

एका प्राण्यावरून निष्कर्ष काढू नये, हे मीच तिला शिकवलं होतं. मी तेच पुन्हा म्हणाले. पण मला लोह्याला उतरलेल्या त्या बाई आठवल्या आणि फार जोर लावून म्हणता आलं नाही. तिने वहीत तारीख, वेळ आणि पडलेल्या काट्यांची संख्या लिहिली. मग उशिराने का होईना मी म्हणाले, की तिच्या हातचं काम मी पाहिलेल्या कामांत सगळ्यात नेटकं आहे. तिने वहीतून मान वर केली नाही.

आणि घरी

जूनची नोकरी दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. पाऊस संपून समुद्र शांत झाल्यावर मनीषा नवे निरोगी प्राणी न्यायला स्वतः आली, दोन रिकामे कॅन घेऊन. समुद्र तिने त्याआधी पाहिलेला नव्हता. समुद्रावर तीन वर्षं काम करून समुद्र न पाहणं ही गोष्ट फक्त आपल्याकडे होऊ शकते, आणि तीन वर्षांत हे तिला न विचारणं फक्त माझ्याकडून.

ओहोटीला आम्ही दूरच्या खडकांवर गेलो. मला वाटलं, ती थबकेल, काहीतरी म्हणेल. तिने सलवार वर खोचली आणि कामाला लागली. एकेक अर्चिन उचलायचा, बादलीतल्या पाण्यात विसळून वाळू काढायची आणि कॅनमध्ये ठेवायचा. दोन तासांत कॅन भरले. भरती चढायला लागली होती. ती गुडघाभर पाण्यात उभी होती आणि हातात विसळून उरलेल्या पाण्याची अर्धी बादली.

"टाक ते आणि चल," मी खडकावरून ओरडले.

तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"मॅडम, हे कुठं टाकू?"

मला हसू फुटणार होतं. चारी बाजूंना अरबी समुद्र आणि ही विचारते, कुठं टाकू. पण किनाऱ्याच्या वळणापलीकडच्या खाडीतून मी तिचे आजारी प्राणी गोळा केले होते, आणि तिथून इथपर्यंत सगळं एकच पाणी होतं. तीस वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता.

तिने थोडी वाट पाहिली. मग बादली सांभाळत, लाटांतून वाट काढत ती किनाऱ्यावर गेली, वाळू ओलांडली आणि ते पाणी एका माडाच्या बुडाशी ओतून आली.